शिकाऱ्याच्या तावडीतून सुटलेली कोंबडी: पहिल्या तासापासून नव्या पिसांपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पहाटे कुत्रा खुराड्यात शिरला. दोन कोंबड्या जागीच गेल्या. तिसरी जिवंत आहे, पण तिच्या पाठीवरची कातडी तळहाताएवढी सोलली गेली आहे आणि आतलं लाल मांस उघडं पडलंय. ती कोपऱ्यात डोळे मिटून बसलीय, खात नाही, पाण्याला तोंड लावत नाही. टाके घालावेत का, मलम कुठलं लावावं, की शेजारी म्हणतात तसं तिला सोडवून टाकावं? उरलेल्या चार कोंबड्या धडधाकट दिसतात.

तिला मारण्याचा निर्णय आज घेऊ नका. मी पशुवैद्य आहे, गेली २२ वर्षं कोंबड्या आणि इतर पाळीव पक्ष्यांवर उपचार करते, आणि तुम्ही वर्णन केलेल्यापेक्षा भयंकर दिसणाऱ्या पाठी पूर्ण भरून आलेल्या मी पाहिल्या आहेत. कोंबडीची कातडी पातळ असते, खालच्या मांसाला सैलशी चिकटलेली असते. त्यामुळे ती जितक्या सहज सोलते तितक्याच जिद्दीनं परत चढते. उघडं लाल मांस बघून आपल्या पोटात कालवतं, पण अशा कोंबड्या बहुधा त्या जखमेनं दगावत नाहीत. पहिल्या काही तासांत त्या धक्क्यानं जातात. पुढे तीन-चार दिवसांनी जातात त्या पिसांखाली कुणी न पाहिलेल्या दाताच्या भोकामुळे, किंवा जखमेत किडे पडल्यामुळे. हे तिन्ही तुमच्या हातात आहे.

म्हणून आत्ता मलम शोधू नका. आधी ऊब, अंधार आणि शांतता. कोंबडीचं शरीर साधारण ४१ अंश सेल्सिअस तापमानावर चालतं, आपल्यापेक्षा चार अंशांनी जास्त. मोठी भीती आणि रक्तस्राव झाला की रक्तदाब कोसळतो, रक्त पायांकडून आत ओढलं जातं आणि ती झपाट्यानं गार पडते. तिचे पंजे हातात धरून बघा. गार लागले, तुरा फिकट पडलेला असला, पिसं फुलवून मान आत ओढून ती बसली असेल, तर ती अजून धक्क्यात आहे. एक खोकं घ्या, तळाला जुना टॉवेल घाला, एका बाजूला कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवा आणि वरून हवा खेळेल असं कापड टाका. आतली हवा २८ ते ३० अंश असली की पुरे. ऊब खोक्याच्या अर्ध्याच भागात ठेवा, कारण गरम वाटलं तर तिला सरकता आलं पाहिजे. हालचालच करता न येणारी कोंबडी बल्बखाली ठेवून विसरलात तर ती तिथंच भाजेल. चोच उघडी टाकून धापा टाकायला लागली, तर ऊब कमी करा. डोक्याला मार असेल, मान वाकडी पडत असेल किंवा एक बुबुळ दुसऱ्यापेक्षा मोठं दिसत असेल, तर बाहेरची ऊब नुसती कोमट ठेवा आणि अंधार जास्त.

तासभर, दोन तास तिला तशीच राहू द्या. मुलांना दाखवायला कापड उचलू नका. पुनःपुन्हा हाताळल्यानं बिघडलेल्या कोंबड्या मी खूप पाहिल्यात. कोंबडी शिकार होणारा प्राणी आहे. तुमचा मायेचा हातसुद्धा या घडीला तिला दुसरा हल्लाच वाटतो.

थांबायचं नाही ते फक्त वाहत्या रक्तासाठी. दोन किलोच्या कोंबडीच्या अंगात जेमतेम १३० ते १५० मिलिलिटर रक्त असतं. चमचाभर सांडलं तरी पांढऱ्या पिसांवर ते भयानक दिसतं, पण तेवढं ती सोसते. धार चालू असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर दाबून धरा, घड्याळ लावून पूर्ण पाच मिनिटं, मध्ये उचलून न बघता. उचललंत की बसत आलेली गाठ सुटते. पंखाचं किंवा शेपटीचं नवीन, देठात रक्त असलेलं पीस मोडलं असेल तर त्या एवढ्याशा नळीतून थेंब थेंब रक्त येत राहतं. तिथंही आधी दाबच. नख तुटलं असेल तर टोकाला कॉर्नस्टार्च दाबला की रक्त थांबतं, पण ती पूड उघड्या खोल जखमेत भरू नका.

उचलताना दोन्ही पंख अंगाशी मिटवून, दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचला. छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे हलवूनच ती श्वास घेते. घट्ट धरलेली कोंबडी गुदमरते आणि धरणाऱ्याला ती "शांत झाली" असं वाटतं. पायांना धरून उलटी तर मुळीच धरू नका.

पाण्याचं म्हणाल, तर ती जागी असेल आणि मान स्वतः सावरत असेल तरच द्या. पहिल्या काही तासांसाठी कपभर कोमट पाण्यात चमचाभर साखर चालते, नंतर पक्ष्यांसाठी मिळणारं इलेक्ट्रोलाइट पाकिटावर लिहिलंय त्या प्रमाणात. चोचीचं टोक पाण्यात हलकेच बुडवा, किंवा चोचीच्या कडेला बोटानं एकेक थेंब लावा. ती तो स्वतः गिळेल. चोच उघडून सिरिंजनं पाणी आत सोडू नका. कोंबडीच्या जिभेच्या लगेच मागे श्वासनळीचं तोंड असतं, अगदी समोर, उघडं. घाबरलेल्या पक्ष्याच्या तोंडात जोरानं सोडलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. जखमेतून वाचलेली कोंबडी अशी पाण्यानं गेली की फार हळहळ वाटते.

पंजे गरम झाले, तिनं डोळे उघडून इकडेतिकडे बघायला सुरुवात केली की तपासणीला घ्या. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

सुरुवातीच्या काळात माझ्याकडे अशीच एक तांबडी कोंबडी आली होती, पाठ सोललेली. मी ती पाठ इतकी मन लावून धुतली, बांधली, की माझं मलाच समाधान वाटलं. तिसऱ्या दिवशी खोक्यातून गोडसर, कुजका वास यायला लागला. पाठ तर छान लाल होती. शेवटी उजवा पंख उचलला आणि काखेत, पिसांच्या आड, मसुराच्या दाण्याएवढी दोन भोकं सापडली. बाहेर जेमतेम खपली, पण आत सगळं मांस काळं पडलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तेव्हापासून समोर दिसणारी जखम मी सगळ्यात शेवटी हातात घेते.

कुत्रा चावतो आणि झटकतो. दात कातडीला छोटंसं भोक पाडतात, पण झटक्यानं आतली कातडी मांसापासून सुटते, स्नायू चेचतात, आणि तोंडातले जंतू त्या बंद पोकळीत जाऊन बसतात. त्यामुळे भोकाच्या आकारावरून आतल्या नुकसानीचा अंदाज येत नाही. कोंबडीला टॉवेलमध्ये गुंडाळून कुणाला तरी मांडीवर धरायला सांगा आणि चांगल्या उजेडात डोक्यापासून सुरू करा. तुरा, डोळे, चोचीखालची लाल कातडी, मान सगळीकडून. मग दोन्ही पंख एकेक करून उघडून आतून आणि बाहेरून, काखा, छाती, मांड्यांच्या आतल्या बाजू, पोट, शेपटीचं मूळ आणि मागच्या द्वाराच्या भोवतालचा भाग. पिसं उलट्या दिशेनं फुंकर मारून दूर करा, किंवा सलाईननं, म्हणजे खाली सांगितलेल्या मिठाच्या पाण्यानं, ओली करून भांग पाडल्यासारखी विभागा. एखादं पीस रक्तानं खाली चिकटलेलं दिसलं की तिथं भोक आहे असंच धरून चाला. भोकाभोवतीची पिसं कात्रीनं कापा. उपटू नका, उपटताना त्याच्यासोबत कातडीही फाटते.

बोटांखाली कातडी कुरकुरली, खाली हवेचे बुडबुडे असल्यासारखी, तर हवेची एखादी पिशवी फाटली आहे. पक्ष्यांच्या फुप्फुसांना जोडलेल्या अशा पिशव्या छाती-पोटभर पसरलेल्या असतात, आणि पंखाच्या खांद्याजवळच्या हाडातही हवाच असते. जखमेतून श्वासाबरोबर फेस किंवा बुडबुडे येत असतील, तर ती जखम पाण्यानं धुऊ नका. ते पाणी थेट श्वसनमार्गात जाईल. ओल्या गॉजनं झाका आणि डॉक्टरकडे न्या.

शिकारी कोण होता यावरूनही कुठं शोधायचं ते ठरतं. मांजराचे दात सुईसारखे असतात आणि भोक दिसतही नाही, पण तिच्या तोंडातला पाश्चुरेला मल्टोसिडा हा जंतू कोंबडीला एक-दोन दिवसांत संपवू शकतो. कोंबड्यांचा कॉलरा म्हणतात तो याच जंतूमुळे होतो. मांजरानं धरलेली कोंबडी वरून ठणठणीत दिसली तरी २४ तासांच्या आत अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. मुंगूस मान आणि डोक्याचा मागचा भाग धरतं. ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्याच्या नख्या पाठीत आणि बरगड्यांच्या मध्ये खोल जातात. घूस किंवा उंदीर रात्री झोपलेल्या कोंबडीचे पाय आणि मागची बाजू कुरतडतात, आणि सकाळी ती लंगडतेय एवढंच दिसतं.

आता धुणं. स्वच्छ जखमेचं अर्धं काम नुसत्या मिठाच्या पाण्यानं होतं. अर्धा लिटर पाणी उकळा, त्यात सपाट पाऊण चमचा मीठ विरघळवा, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम, आणि कोमट होऊ द्या. २० मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज भरून जखमेवर तिरकी धार मारा. माती, पिसं, वाळलेलं रक्त निघून येईपर्यंत, कंटाळा न करता. मोठ्या जखमेला अर्धा लिटर पाणी सहज लागतं. त्यानंतर एकदा पोव्हिडोन आयोडीन. बाटलीतलं १० टक्क्यांचं असेल तर त्याच्या एका भागाला दहा भाग पाणी, फिक्या चहासारखा रंग येईल इतकं पातळ. घट्ट आयोडीन, स्पिरिट, फिनाईलसारखे जंतुनाशक द्रव किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड नव्यानं भरू पाहणाऱ्या मांसालाच जाळतात. पेरॉक्साइडचा फेस बघून औषध काम करतंय असं वाटतं, पण त्या फेसात जिवंत पेशीही मरत असतात.

टाके घालावेत का, हा तुमचा मुख्य प्रश्न. घरी घालू नका. दाताची जखम ही आधीच जंतू भरलेली जखम आहे. ती वरून बंद केली की आतली घाण आत कोंडली जाते. भोकं तर उघडीच ठेवायची, त्यांना निचरा हवा असतो. पाठीवर सोललेला कातडीचा पदर एका बाजूनं अजून जोडलेला असेल, गुलाबी आणि लवचीक असेल, तर धुऊन जागेवर पसरा. तो स्वतःच्या शरीराची पट्टी म्हणून काम करतो. पहिल्या काही तासांत डॉक्टरकडे पोचलात तर ते भूल देऊन, मेलेला भाग काढून, निचऱ्याला जागा ठेवून काही टाके घालू शकतील. उशीर झाला असेल तर उघडी ठेवून भरू देणंच बरं. काळा पडून चामड्यासारखा कडक झालेला पदर ओढून काढू नका, तो आपल्याआप सुटतो आणि तोवर खालच्या मांसाला झाकतो. आणि झटपट चिकटवायच्या गोंदानं कातडी चिकटवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

मलमाचं काम जखम ओलसर ठेवणं एवढंच आहे. वाळून तडकलेलं मांस भरत नाही. सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं क्रीम किंवा जखमांसाठी मिळणारा निर्जंतुक मध, पातळ थर, जखमेपुरता. तेलकट मलम आजूबाजूच्या पिसांना फासलंत तर ती चिकटतात आणि कोंबडीला स्वतःची ऊब धरता येत नाही. बधिर करणारी मलमं आणि स्टिरॉइड मिसळलेली मलमं दोन्ही टाळा. एवढ्याशा जिवाला बधिर करणाऱ्या औषधाचा डोस पटकन जास्त होतो, आणि स्टिरॉइड पक्ष्यांची प्रतिकारशक्ती फार लवकर खाली आणतं. कुठलीही पूड जखमेत भरू नका. ती ओलाव्याशी मिळून गोळा होते आणि तिच्याखाली काय चाललंय ते दिसत नाही. पाठीवर बँडेज टिकत नाही. पहिले दोन-तीन दिवस न चिकटणारं गॉज ठेवून त्यावर जुन्या मोज्याचं टोक कापून अंगरख्यासारखं घातलं तर चालतं, पण पंख आणि छाती मोकळी राहिली पाहिजे.

पहिले पाच दिवस सकाळ-संध्याकाळ धुवा आणि बघा, नंतर दिवसातून एकदा. इथं बरेच जण दोन गोष्टींनी उगाच घाबरतात आणि एका गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेभोवतीची कातडी हिरवी होते. सडतंय असं वाटतं, पण तो नुसता मुका मार असतो. आपल्या अंगावरचा काळानिळा डाग पुढे पिवळा होतो, पक्ष्यांमध्ये रक्ताच्या विघटनाची क्रिया हिरव्या रंगाशी थांबते, म्हणून डागही हिरवाच राहतो आणि आठवड्याभरात विरतो. शिटही हिरवी होईल. पोटात अन्न नसताना पित्ताचा रंग तसा दिसतो. दुर्लक्ष होतं ते पुवाकडे. कोंबडीचा पू वाहत नाही. तो पिवळसर, घट्ट, चुरा होणाऱ्या गोळ्यासारखा साचतो. जखमेतून काही वाहत नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. भोकाच्या जागी टणक गाठ वाढत असेल, वास येत असेल, कातडी गार आणि काळी पडत असेल, तर ते खरं सडणं आहे आणि तिथं डॉक्टरच हवा. चांगली जखम पाचव्या-सहाव्या दिवशी ओलसर, गडद लाल आणि बारीक दाणेदार दिसते, कडेनं गुलाबी रेघ आत सरकू लागते. तळहाताएवढी पाठ भरायला माझ्या अनुभवात ४ ते ६ आठवडे लागतात.

माश्यांबद्दल मी जरा कठोरपणे बोलते. उष्ण हवेत माशीनं घातलेली अंडी एका दिवसाच्या आत फुटतात. पांढऱ्या बारीक कणीसारखा पुंजका पिसांच्या बुंध्याशी दिसला तर ती अंडी आहेत, तेव्हाच चिमट्यानं आणि बारीक कंगव्यानं काढा. कोंबडी घरात, मच्छरदाणीनं झाकलेल्या खोक्यात किंवा पिंजऱ्यात ठेवा आणि खालचं कापड दिवसातून दोनदा बदला. मागची बाजू शिटेनं माखलेली असेल तर कोमट पाण्यानं धुऊन कोरडी करा, माश्यांना आधी तीच जागा सापडते. किडे पडलेच तर घाबरून जखमेत टर्पेंटाईन किंवा रॉकेल ओतू नका. कोमट मिठाच्या पाण्याची धार मारत राहिलं की ते वर येतात. एकेक उचला, दोन तासांनी पुन्हा बघा, आणि त्याच दिवशी डॉक्टरना दाखवा. आत शिरलेल्या किड्यांसाठी द्यायचं औषध वजनावर मोजून द्यावं लागतं.

औषधांबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे. घरातल्या कपाटातली उरलेली अँटिबायोटिक आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. दाताच्या जखमेला अँटिबायोटिक बहुधा लागतं, पण कुठलं आणि किती दिवस, ते डॉक्टर कोंबडीच्या वजनावरून ठरवतील. वेदनेसाठी आम्ही साधारणपणे मेलॉक्सिकॅम देतो. ते जरूर मागा, कारण कोंबडी वेदना लपवते आणि दुखत असलं की खातच नाही. वेदनाशामक दिल्यावर अर्ध्या तासात दाणे टिपायला लागलेली कोंबडी बघितली की कळतं, ती किती सोसत होती. डायक्लोफेनॅक मात्र कधीही नाही. पक्ष्यांच्या मूत्रपिंडांना ते घातक आहे. दक्षिण आशियातली गिधाडं हेच औषध दिलेल्या गुरांची मढी खाऊन जवळपास संपली, आणि ते कारण २००४ मध्ये उघड झालं. उपचार चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी खाऊ नका.

बरं होण्यासाठी तिला प्रथिनं लागतात. नेहमीचंच खाद्य कोमट पाण्यात भिजवून मऊ करा, त्यात कुस्करलेलं उकडलेलं अंडं घाला. सगळ्या कोंबड्यांना हे आवडतं आणि आजारी कोंबडीही बहुतेक वेळा याला चोच लावते. बोटानं समोर टकटक केलं तर लवकर लावते. नवं, अनोळखी काही देऊन बघण्याची ही वेळ नाही. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर नळीनं भरवण्यासाठी न्या. सकाळी गळ्याखालची अन्नाची पिशवीही चाचपा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. भरलेली, पिठासारखी लागत असेल तर पचन थांबलंय, आणखी भरवू नका. मानेच्या जखमेतून दाणे किंवा पाणी बाहेर येताना दिसलं तर ही पिशवीच फाटली आहे. ती शिवावी लागते, आणि शिवल्यावर कोंबड्या छान जगतात.

हाडांबद्दल थोडक्यात. लोंबणारा पंख नैसर्गिक घडीत मिटवून, स्वतःलाच चिकटणाऱ्या पट्टीनं अंगाशी बांधा. पट्टी दुसऱ्या पंखाच्या खालून घ्या आणि तिच्याखाली एक बोट सहज जाईल इतकी सैल ठेवा. पक्ष्यांची हाडं लवकर जुळतात, साधारण तीन आठवड्यांत, आणि त्याहून जास्त बांधून ठेवलं तर सांधाच आखडतो. हाड बाहेर आलेलं असेल किंवा मांडीचं हाड मोडलेलं असेल तर घरी प्रयोग करू नका. डोळ्याला मार असेल तर फक्त मिठाच्या पाण्यानं धुवा. एक डोळा गेलेल्या कोंबड्या वर्षानुवर्षं नीट राहतात, फक्त त्या बाजूनं जाताना आधी आवाज द्यायची सवय तुम्ही लावून घ्यायची. ती सध्या अंडी देत असेल तर दोन दिवस लक्ष ठेवा. हल्ल्यात आतलं अंडं फुटू शकतं. पेंग्विनसारखी उभी राहून जोर काढत असेल किंवा मागून पातळ बलक येत असेल तर थांबू नका.

आता शेजाऱ्यांनी सुचवलेल्याबद्दल. काही वेळा ते योग्यच असतं. पोट फाटून आतडी फाटली असतील, कणा मोडून दोन्ही पायांत जीव नसेल, चार-सहा तास ऊब देऊनही मान टाकलेलीच असेल आणि श्वास घरघरत असेल, तर तिला ताटकळत ठेवणं ही माया नाही. डॉक्टरकडे भूल देऊन शांतपणे सोडवता येतं. ते शक्य नसेल तर ज्याचा हात बसलेला आहे अशाच माणसानं ते करावं, पहिल्यांदा करून बघणाऱ्यानं नाही. तुमची कोंबडी कोपऱ्यात का होईना, स्वतःच्या पायावर बसली आहे आणि मान सावरून आहे. मी तिला किमान दोन दिवस देईन.

त्या धडधाकट चौघींनाही आज रात्री, झोपल्यावर, टॉर्च घेऊन एकेक करून तपासा. तसंच, काखा आणि पोटासकट. आतून रक्तस्राव झालेली कोंबडी दिवसभर उभी राहून दुसऱ्या सकाळी मेलेली सापडते. आणि त्यांना आज बंदिस्त जागेत झोपवा, कारण ज्याला एकदा सोपी शिकार मिळाली तो बहुतेक वेळा त्याच रात्री किंवा दुसऱ्या रात्री परत येतो. कोंबड्यांना आत ठेवणारी पातळ षटकोनी जाळी कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी, जमिनीलगत बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून वर माती टाकलेली, आणि दाराला पंजानं न उघडणारी कडी लागेल.

स्वतःची काळजीही घ्या. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा आजार आहे, कोंबडीला त्याची भीती धरायचं कारण नाही. पण तिच्या पिसांवर कुत्र्याची लाळ आहे, तेव्हा हातमोजे घाला आणि नंतर साबणानं हात धुवा. तिला सोडवताना कुत्र्यानं तुम्हाला चावा किंवा ओरखडा काढला असेल तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि आजच दवाखान्यात लस घ्यायला जा. कोंबडी तोवर खोक्यात थांबेल.

तिला बाकीच्यांपासून वेगळी ठेवायची ती लाल रंगामुळे. उघडं मांस दिसलं की त्याच मैत्रिणी टोचून टोचून भोक पाडतात. पण पूर्ण एकटी पाडू नका. धक्का ओसरला की तिचा पिंजरा दिवसा थोडा वेळ त्यांना दिसेल असा ठेवा. आवाज ऐकू आले की ती खायलाही लागते, आणि परत सोडताना तिची जागा अगदीच गेलेली नसते. सोडायचं ते जखमेवर सगळीकडे कोरडी, गुलाबी कातडी आल्यावरच. मातीत लोळण्याची परवानगीही तेव्हापासून. पहिल्या दिवशी संध्याकाळी, बाकीच्या खुराड्यात शिरायच्या जरा आधी सोडा, म्हणजे भांडायला वेळ उरत नाही. आणि दोन ठिकाणी खाद्य ठेवा.

अंडी काही आठवडे बंद राहतील. पिसांचं असं आहे, की मुळासकट उपटली गेलेली पिसं लगेच नव्यानं फुटायला लागतात आणि दीड-दोन महिन्यांत भरतात. जी तुम्ही कात्रीनं कापलीत किंवा कुत्र्याच्या दातात मोडली, त्यांचे खुंट मात्र पुढच्या पीसगळतीपर्यंत तसेच राहतील. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गुलाबी कातडीच्या कडेनं निळसर टोकं वर येताना दिसतील, गुंडाळलेल्या बारीक सुरळ्यांसारखी. त्यांच्यात रक्त असतं आणि दाबलं की दुखतं, म्हणून त्या दिवसांत तिला उचलताना हात पाठीवर ठेवू नका, पोटाखालून घ्या.